शेतीच्या भवितव्यावरच्या परिषदेला गटातून कुणाला पाठवावं, आणि काय विचारून यावं?

रानवाट
नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात आमचा शेतकरी गट आहे. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. विहिरी मोजक्याच, बाकी सगळं पावसावर. गटाच्या बचतीतून यंदा दोघांना कुठंतरी शिकायला पाठवायचं ठरलंय. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. डिसेंबरात पुण्याजवळच्या मोशीचं 'किसान' कृषी प्रदर्शन, जानेवारीत बारामतीचं 'कृषिक' प्रदर्शन, आणि पुण्यातल्या एका हॉटेलात होणारी 'शेतीचं भविष्य' या विषयावरची चार दिवसांची परिषद. तिसरीला प्रवेशशुल्क आहे आणि तेही बरंच आहे.

त्या परिषदेची विषयपत्रिका वाचली. कृत्रिम बुद्धिमत्ता, ड्रोन, कार्बन क्रेडिट, व्हर्टिकल फार्मिंग (बंद इमारतीत थरावर थर रचून दिव्यांखाली केलेली शेती), निर्यात. कोरडवाहूवर एकच सत्र आहे, तेही शेवटच्या दिवशी जेवणानंतर. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा जमिनीवर, आणि तीही कोरडवाहू, पुढची वीस वर्षं कशी काढायची हे कुणी सांगत असेल तर मी कर्ज काढून जाईन. माझं मत असं की भविष्य म्हणून जे दाखवलं जातं ते बागायती शेताचं असतं. तुम्ही गेला असाल तर सांगा: कुठं जावं, कुणाला पाठवावं, काय विचारावं?

उसाचा_मळा
रानवाट, बारामतीला जाच. 'कृषिक'ची मोठी गोष्ट म्हणजे तिथं पीक उभं असतं. नुसते स्टॉल नाहीत, शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या रानात प्रात्यक्षिकं लावलेली असतात. वाण शेजारी शेजारी, वाफ्यावर पाटी, आणि माहिती द्यायला माणूस उभा.

एआयबद्दल तुम्ही थोडं घाईनं बोलताय. तिथला उसाचा प्रयोग ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन केलाय, २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेलांनीही त्याचा उल्लेख केला. काम साधं आहे. शेतात हवामान केंद्र, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाची छायाचित्रं. तिन्हींची माहिती एकत्र करून मोबाइलवर सांगतात की आज पाणी द्या, उद्या नको, या कोपऱ्यात पीक पिवळं पडतंय. आमच्या भागात पाटाचं पाणी आलं की गरज असो नसो, सोडायचं, ही सवय आहे. ती मोडली तरी मी म्हणेन पैसे वसूल. राज्याचं महाॲग्री-एआय धोरणही जून २०२५ मध्ये मंजूर झालंय, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. हे तुमच्या गावापर्यंत येणारच आहे, तर आधी बघून घेतलेलं बरं.

भुईनळा
मोशीला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. पाय ठेवायला जागा नसते आणि स्टॉलवरचा पोरगा पत्रक हातात देऊन पुढच्याकडं वळतो. पहिल्या दिवशी दुपारी जा, कंपनीचे जाणते लोक तेव्हाच भेटतात.

काळीमाती
मी मृदशास्त्र शिकवते, म्हणून सेन्सरबद्दल थोडं लिहिते.

ओलावा मोजणारा सेन्सर मातीला सगळीकडून चिकटून बसलेला असेल तरच आकडा बरोबर देतो. मराठवाड्यातली भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. दिवाळीनंतर तूर उभी असलेल्या रानात जाऊन बघा, भेगांत अख्खा हात जातो. अशी भेग सेन्सरच्या कडेनं गेली की त्याच्याभोवती हवा भरते. मग तो माती प्रत्यक्षात आहे त्याहून कोरडी दाखवतो, किंवा भेगेतून उतरलेलं पाणी थेट खाली गेलं की एकदम ओली दाखवतो. नियमित पाणी मिळणाऱ्या उसात जमीन तितकी भेगाळत नाही, त्यामुळे तिथं हा त्रास कमी.

म्हणून रानवाट, पहिला प्रश्न हाच विचारा: "हे यंत्र भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत, कोरडवाहू पिकात, पूर्ण हंगाम चालवून पाहिलंय का? त्या शेताचे आकडे दाखवा." उसाच्या शेताचे दाखवायला लागले तर नम्रपणे पुढं चला.

उसाचा_मळा
काळीमाती ताई, मुद्दा मान्य. पण म्हणून तंत्रच निरुपयोगी असं होत नाही. सेन्सर दोन-तीन खोलींवर बसवतात, त्या त्या मातीप्रमाणे जुळवूनही घेतात. आणि उपग्रहाच्या छायाचित्राला भेगांचं काय?

काळीमाती
उपग्रहाला भेगांचा त्रास नाही, ढगांचा आहे. सोयाबीनचं सगळं आयुष्य जून ते सप्टेंबर ढगाखाली जातं. रडार पद्धतीचे उपग्रह ढगातून पाहू शकतात, पण पानांचा पिवळेपणा त्यांना दिसत नाही. उसाचं पीक वर्षभर उभं असतं, हिवाळा-उन्हाळ्यात आकाश मोकळं मिळतं. तंत्राला विरोध नाही हो माझा. ते कोणत्या पिकावर सिद्ध झालंय एवढंच विचारायला सांगतेय.

पंचनामा
कृषी खात्यातून निवृत्त आहे. परिषदांची बरीच आवताणं आली, बऱ्याच ठिकाणी गेलो.

मंडळी, पुढं आपल्या रानात काय येणार हे ठरवणारी खरी परिषद हॉटेलात होत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी तीन दिवसांची बैठक भरते, संयुक्त ॲग्रेस्को. आळीपाळीनं एकेका विद्यापीठात. नवं वाण, नवं अवजार, लागवडीची नवी शिफारस, जे काही शेतकऱ्याला सांगायचं ते तिथं मांडायचं. इतर शास्त्रज्ञ उलटतपासणी घेतात. किती वर्षांचे प्रयोग, किती ठिकाणी, फरक खरा की योगायोगाचा. टिकलं तर शिफारस होते, नाहीतर "आणखी एक वर्ष घ्या" म्हणून परत. मी तिथं चांगल्या चांगल्यांना घाम फुटलेला पाहिलाय. तुम्हाला तिथं बसता येणार नाही, पण शिफारशी छापून येतात. त्या वाचल्या तर परिषदेतल्या पाहुण्याला काय विचारायचं ते कळतं.

दुसरं, तुम्ही परभणीचेच. विद्यापीठाचा १८ मेचा खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरचा रब्बी मेळावा सोडू नका. बियाणं मिळतं आणि ज्यानं वाण काढलं तो शास्त्रज्ञ समोर असतो. बदनापूर केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण घ्या. साधारण दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत येतं. मध्यम जमिनीत, पाऊस लवकर गेला तरी शेंगा भरतात. कोरडवाहू माणसाला असं लवकर येणारं वाण सेन्सरपेक्षा जवळचं.

धुरा
वाशीमची आहे. आमच्या बचत गटाला नमो ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळालाय. ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मीच चालवते. म्हणून रानवाट दादांना सांगते, भविष्य फक्त बागायतदाराचं असतं हे पटलं नाही.

तूर फुलावर आली की डोक्याच्या वर जाते. सोयाबीन काढून झाल्यावर तुरीच्या फांद्या दोन्हीकडून एकमेकींत जातात. पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरला की फुलं झडतात, औषध त्याच्याच तोंडावर येतं. आणि शेंगा पोखरणारी अळी नेमकी तेव्हाच येते. पूर्वी लोक कड्याकड्यानं मारायचे आणि मधलं रान देवाच्या भरवशावर सोडायचे. ड्रोन वरून जातो, दहा लिटरची टाकी एका एकराला पुरते, सात-आठ मिनिटांत काम होतं. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशी फवारताना विषबाधेनं माणसं गेली, ते आम्ही विदर्भातल्या बाया विसरलो नाही. माणूस औषधाच्या धुरळ्याबाहेर राहतो, माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

अडचणी पण सांगते. बॅटरी एखाद-दोन एकरात उतरते, म्हणजे बदलायला संच लागतात आणि चार्जिंगला शेतात जनरेटर. वारा सुटला की काम बंद, मग सकाळचे दोन-तीन तास आणि संध्याकाळचा थोडा वेळ एवढंच हातात राहतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळी आणि वरून विजेची तार असेल तर जीव मुठीत. दुरुस्तीला ड्रोन पाठवला की ऐन हंगामात परत कधी येईल सांगता येत नाही. परिषदेत ड्रोनवाल्याला किंमत नंतर विचारा, आधी विचारा की सुटे भाग कोणत्या तालुक्यात मिळतात.

आणि एक मागणं. दोघांत एक बाई पाठवा. निंदणी, वेचणी, बी निवडणं, घरातलं धान्य, सगळं तिच्या हातून जातं. ती जे प्रश्न विचारेल ते तुम्हाला सुचणार नाहीत.

भुईनळा
धुरा ताई, टाळ्या! सुट्या भागांचा प्रश्न सोन्याचा आहे. रोटाव्हेटर असो की मोबाइल.

मोगडा
आणि गटाचा पैसा आहे म्हणून सांगतो, भाकरी-ठेचा बांधून न्या. प्रदर्शनातल्या जेवणाचा दर कळला तर तो पण उत्पादन खर्चात धरा म्हणून तुमचे लोक आंदोलन करतील. 😄

ट्युलिपच्या_देशातून
नेदरलँड्समध्ये हरितगृहांच्या क्षेत्रात नोकरी करतो, मूळ गाव निफाड तालुक्यातलं. विदर्भाच्या निम्म्याहून लहान असलेला हा देश शेतमालाच्या निर्यातीत, मूल्याच्या हिशेबानं, जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. म्हणून अशा परिषदांत आमचा दाखला हमखास येतो. दाखल्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा इथल्या हरितगृहवाल्यांनी दिवे बंद केले, काहींनी लागवडच पुढं ढकलली. जनावरांमुळे होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणावर सरकारनं मर्यादा आणायचं ठरवलं, तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर उतरले. भविष्यात पोचलेल्या देशातही शेतकरी सुखात आहे असं समजू नका.

व्हर्टिकल फार्मिंगबद्दल तर स्पष्टच सांगतो, त्या सत्रात वेळ घालवू नका. अमेरिकेत एरोफार्म्सनं २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बावरी २०२४ मध्ये बंद पडली, प्लेंटीनं २०२५ मध्ये अर्ज केला. वीज विकत घेऊन पालेभाजी वाढवायची तर ती विकणार कितीला? आणि त्यात तूर, सोयाबीन, ज्वारी होत नाही.

इथून नेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. शेजारी शेजारी राहणारे उत्पादक दर आठवड्याला एकमेकांच्या हरितगृहात जातात, आकडे उघड करतात. तुझं पाणी किती, खत किती, माल किती निघाला. स्पर्धक असूनही लपवत नाहीत. आमच्या निफाडात बागेत कोणतं औषध मारलं हे सख्खा भाऊ सांगत नाही! त्यामानानं मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं द्राक्षवाल्यांना एकत्र आणून जे उभं केलंय ते मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोठं वाटतं.

मांडवीकाठ
विषय थोडा बाजूला नेतो, क्षमा असावी. आमच्या गोंयात खाजन शेती आहे. खाडीकाठची, भरतीचं खारं पाणी बांधानं अडवून केलेली भातशेती. बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, पाण्याच्या जोरावर. आता बांध फुटले की दुरुस्त करायला माणसं नाहीत, कारण कसणारेच उरले नाहीत. समुद्र चढणार असं सगळे सांगतात, तर खाऱ्या पाण्यात तगणारं कोरगुट भात हे भविष्यच नव्हे का? जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं कोरगुटातून निवड करून गोवा धान १, गोवा धान २ अशी वाणं दिली आहेत. पण भवितव्यावरच्या भाषणांत खाजन मी कधी ऐकलं नाही.

काळीमाती
मांडवीकाठ, हे अजिबात बाजूला नाही. खारवट जमिनीचा प्रश्न सांगली-कोल्हापूरच्या अतिपाण्याच्या उसातही आहेच. सविस्तर लिहा, वेगळा धागा काढा.

बाजारभाव
सगळं वाचलं. एकानंही भावाचं नाव काढलं नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये. बाजारात तेवढे मिळतात का? सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की माल परत. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यानंतर कुणाचं सोयाबीन १२ टक्क्यांत बसणार होतं?

उसाचा_मळा, तुमच्याबद्दल राग नाही, पण हिशेब बघा. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा कायद्यानं ठरलेला किमान भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, आणि कायद्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायचे. कारखाने उशीर करतात हे ठाऊक आहे, पण भाव गाळप सुरू होण्याआधी ठरलेला असतो आणि घेणारा बांधलेला असतो. म्हणून तुम्ही सेन्सरवर पैसा घालू शकता, बँकही देते. सोयाबीनवाल्याला माल काढून वाळवून पोत्यात भरेपर्यंत भाव माहीत नसतो. तो कशाच्या जोरावर यंत्र घेणार? तंत्र आधी उसात आलं ते ऊसवाले हुशार म्हणून नव्हे, त्यांच्या मालाला कायद्याचा आधार आहे म्हणून. त्या चार दिवसांच्या परिषदेत हे एक जण जरी बोलला तरी तिकीट वसूल.

उसाचा_मळा
बाजारभाव, राग यायचं कारण नाही, कारण हे खरं आहे. मी तंत्राच्या बाजूनं बोलत होतो, पण एफआरपी नसती तर मीही ठिबकाचा खर्च दहादा मोजला असता. फक्त एक: आमच्याकडं तोडणीला टोळ्या मिळेनात. हार्वेस्टर यायचा तर सरी साडेचार-पाच फुटांची हवी आणि रान लांब हवं. वाटण्या होऊन तुकडे झालेल्या रानात तो वळतच नाही. भाव असूनही लहान शेतकरी यंत्राबाहेर राहतोच. त्यामुळे तुमच्या मुद्द्यात जमिनीच्या तुकड्यांचीही भर घाला.

पंचनामा
यात हवामानाचीही भर घालतो. महावेध प्रकल्पात साधारण एका महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळात दहा-पंधरा गावं. एका शिवारात ढग फुटतो आणि केंद्राच्या गावी नुसतं भुरभुर. मी पंचनाम्याला गेलो की लोक विचारायचे, साहेब, तुमच्या यंत्रावर पडला तोच पाऊस का? उत्तर नसायचं माझ्याकडं. एक रुपयाचा पीक विमा गेला, २०२५ च्या खरिपापासून नुकसान पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर) ठरतं, म्हणजे पुन्हा मंडळाची सरासरी. एआयच्या सत्रात कुणी म्हणालं की आम्ही एकेक शेत उपग्रहातून ओळखतो, तर उभं राहून विचारा की मग भरपाई एकेक शेताची का होत नाही? सल्ला देताना एकेक शेत दिसतं, पैसे देताना मंडळ दिसतं, हे चालणार नाही.

धुरा
पंचनामा काका, हे छापून भिंतीवर लावते.

काळीमाती
आणखी एक प्रश्न घेऊन जा. सप्टेंबरच्या पुरात नदीकाठची रानं खरडून गेली, वरची सुपीक माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. सरकारी मदत माती आणून टाकण्यापुरती असते. धरणातला गाळ आणून पसरला तरी त्यात लगेच पीक जोमानं येत नाही. सेंद्रिय कर्ब वाढायला वर्षं जातात. हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा गाडायचा म्हणजे एका हंगामाचं उत्पन्न सोडायचं. त्या हंगामात घर कशावर चालवायचं? जमीन पुन्हा उभी करण्याचं तंत्र आमच्याकडं आहे, त्या काळातल्या पैशाचं उत्तर नाही. हा प्रश्न बँकवाल्यांच्या सत्रात विचारा, शेतीवाल्यांच्या नको.

मोगडा
बरं, मूळ प्रश्न काय होता ते रानवाट विसरले नाहीत ना? कुणाला पाठवायचं?

रानवाट
विसरलो नाही, काल रात्री गटाच्या बैठकीत हा धागा मोबाइलवरून वाचून दाखवला. पंचनामा काकांचा शेवटचा प्रतिसाद दोनदा वाचावा लागला.

हॉटेलातली परिषद रद्द. त्याच पैशात दोघं 'कृषिक'ला जातील आणि मे महिन्यात आख्खा गट परभणीच्या मेळाव्याला. धुरा ताईंचं ऐकून दोघांत एक आमच्या गटातल्या सुनबाई आहेत, बारावी शिकलेल्या, गटाचा हिशेब त्याच ठेवतात. दुसरे साठीचे एक काका, रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरणारे गावातले पहिले. यंदा शेजारच्या सपाट रानात पाणी साचून पीक पिवळं पडलं आणि त्यांच्या सरीतून ते वाहून गेलं, म्हणून गाव त्यांचं ऐकतं.

प्रश्न वहीत उतरवलेत. भेगाळ जमिनीतले आकडे, सुट्या भागांचा तालुका, एकेका शेताची भरपाई, मातीच्या हंगामाचा पैसा. सोयाबीनच्या भावाला उसासारखा कायद्याचा आधार का नाही, हा बाजारभाव यांचा प्रश्न सुनबाईंनी स्वतःकडं घेतलाय. 'कृषिक'ला तो विचारायचा कुणाला, हे मात्र कळेना. स्टॉलवरच्या माणसाच्या हातात ते नाही.

बाजारभाव
उद्घाटनाला किंवा समारोपाला मंत्री आले तर त्यांना विचारा. प्रश्न लेखी द्या, खाली गटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक टाका, पोच मागा. आमच्या गटानं असंच एकदा दिलं होतं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी त्या परिषदेत हमीभावावर एक सत्र ठेवलं गेलं.

धुरा
सुनबाईंना माझा नंबर मेसेजमध्ये पाठवते. मीही जानेवारीत बारामतीला आहे, ड्रोनच्या प्रात्यक्षिकाला येते. तोपर्यंत तुमच्या शिवारातल्या विजेच्या तारा आणि धुऱ्यावरची झाडं यांचा कच्चा नकाशा काढून ठेवा. तुमच्याकडं ड्रोन चालेल की नाही हे तिथंच बसून बघू.